एक हात राहिलाय

अझम्मूरच्या जुन्या वस्तीत दारं-खिडक्या रंगवायच्या तर सी जिलालीला बोलवायचं, हे चाळीस वर्षं ठरलेलं होतं. सकाळी यायचा, दाराला निळा रंग द्यायचा, दुपारी पुदिन्याचा चहा पिऊन घरी. त्याचं काम कधी लांबलं नाही. दाराला चार कडा असतात, चौथी आली की दार संपतं, असं तो म्हणायचा.

घोडं पेंड खायचं ते घरी. वरच्या खोलीत तो स्वतःसाठी रंगवायचा आणि त्यात दार नाही, माणूस नाही, नदी नाही, नुसते रंग. पाव भट्टीत नेण्याच्या जुन्या लाकडी फळ्या त्यानं त्यासाठी जमवल्या होत्या. फळीलाही चारच कडा, पण चित्र काही संपायचं नाही. पिवळ्यावर राखाडी, राखाडीवर पुन्हा पिवळा, मग कुठून तरी रुसलेला निळा. बायको झुहूर चहा घेऊन वर यायची, बघायची आणि म्हणायची, "झालं की."

"एक हात राहिलाय," तो म्हणायचा. ती जिना उतरेपर्यंत तीन हात व्हायचे आणि चित्राचं वाटोळं.

कासाब्लांकात चित्रांचं दालन चालवणाऱ्या एक बाई इथे घर रंगवून घ्यायला आल्या आणि त्या खोलीत डोकावल्या, तेव्हापासून ही कटकट जास्तच वाढली. त्यांनी तीनदा गाडी पाठवली. तीनदा ती रिकामी परत गेली. चौथ्यांदा त्यांनी फोनवर सांगितलं, "सी जिलाली, शनिवारी दुपारच्या नमाजानंतर गाडी येईल. या खेपेला रिकामी आली तर पुन्हा यायची नाही."

जिलाली तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता. आपलं एक तरी चित्र परक्या भिंतीवर लागावं, एवढीच त्याची इच्छा उरली होती. त्याची दारं सगळं गाव रोज हाताळत होतं. पण दार कोण बघतं? दार उघडतात आणि आत जातात.

शनिवारी दुपार होता होता त्यानं आठ महिने चाललेल्या फळीच्या कोपऱ्यात लाल रंग लावला, आणि लावताक्षणी त्याला तो नकोसा झाला. तो झाकायला दुसरा रंग घेणार, इतक्यात झुहूरनं ब्रश काढून घेतला.

"फळीला जरा वारा खाऊ दे. आणि तू तोंड धू, भुतासारखा दिसतोयस."

बाकीचा रंग वाळलेला होता, ओला होता तो कोपराच. त्यानं फळी खाली नेऊन उंबऱ्याबाहेर आडवी ठेवली आणि माश्या बसू नयेत म्हणून हाताला लागलं ते पट्ट्यापट्ट्यांचं कापड वर टाकलं. ते पावाचं कापड होतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

आता आमच्या गल्लीत उंबऱ्याबाहेर कापडाखाली फळी दिसली की तिचा अर्थ एकच: कणीक फुगलीय, भट्टीकडे जाणाऱ्यानं घेऊन जावी. शेजारची लल्ला तामू डोक्यावर स्वतःची फळी घेऊन निघाली होती. तिनं जिलालीचीही उचलली, कमरेवर घेतली आणि पुण्य पदरात पाडून चालती झाली.

जिलाली तोंड पुसत बाहेर आला तर उंबरा मोकळा. मागून झुहूर पावाची फळी घेऊन आली. "ही घे, भट्टीत देऊन ये."

"मग गेली ती कुठली?"

झुहूरनं भट्टीच्या दिशेला मान वळवली. मग जिलाली पळत सुटला. एक चप्पल वाटेत राहिली, ती आणायलाही तो थांबला नाही.

भट्टीवर सात-आठ बायका आपापल्या पावाची वाट बघत होत्या. "बा अल्लाल," जिलाली दारातूनच म्हणाला, "घातलीस का आत?"

म्हाताऱ्या भट्टीवाल्या बा अल्लालनं मानही वळवली नाही. "मला खुळा समजतोस? टर्पेंटाइनच्या वासाचा पाव या गावात अजून कुणी खात नाही. वर बघ."

समोरच्या उंच फडताळावर, निवत ठेवलेल्या पावांच्या मध्ये, फळी उभी केली होती.

"चूक माझीच," तामू म्हणाली. "वजन लागलं तेव्हाच म्हटलं, आज झुहूरची कणीक घट्ट झालीय."

"मला तर ते लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचं स्वयंपाकघर वाटतंय," एक बाई म्हणाली.

"छे, माझी सासू आहे ती. बोलत नाहीये, पण रागावलीय."

जिलालीला काही ऐकू येत नव्हतं. वरची खोली इतकी अरुंद होती की चित्रापासून हातभरापेक्षा मागे सरताच यायचं नाही. आज तो दहा पावलांवर उभा होता आणि हातात ब्रश नव्हता. लाल बराचसा कापडाला लागून गेला होता, कोपऱ्यात थोडासाच ओला उरला होता. चित्र सुंदर होतं. त्याला ते इतकं आवडलं की तो घाबरला.

"त्या कोपऱ्यात एक हात राहिलाय," तो म्हणाला.

"झालंय ते," बा अल्लाल म्हणाला.

"तुला चित्रातलं काय कळतं?"

"काही नाही. झालेलं कळतं. पन्नास वर्षांत कच्चा निघाला म्हणून पाव परत आणलास? करपला म्हणून?"

"नाही."

"मग?" बा अल्लालनं पाव काढायचं लांब दांड्याचं फावडं फडताळापुढे आडवं धरलं. "काढलेला पाव मी पुन्हा आत घालत नाही."

तेवढ्यात डोक्यावर पावाची फळी घेतलेली झुहूर आली, मागे गाडीचा ड्रायव्हर. त्यानं चित्र मागून-पुढून पाहिलं. "सही कुठंय? सहीशिवाय आणू नकोस, असं बाईंनी बजावलंय."

जिलालीनं आयुष्यात सही केली नव्हती. न संपलेल्या चित्रावर सही कसली करणार? तो झुहूरच्या फळीकडे बघत राहिला. भट्टीत पाव मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घराची कणकेवर खूण असते. झुहूरची होती अंगठ्याचे दोन ठसे, शेजारी शेजारी. त्यानं उरलेल्या ओल्या लालात अंगठा दोनदा दाबला.

"आता घर कळलं," बा अल्लाल म्हणाला.

"आठ महिने मी सांगत होते, झालं म्हणून," झुहूर म्हणाली.

चित्र घेऊन गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, दिसेनाशी झाली. जिलाली एका चपलेवर तसाच उभा.

"चल आता," झुहूर म्हणाली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिनं हळूच विचारलं, "काय राहिलं?"

"काही नाही," तो म्हणाला. "काहीच राहिलं नाही." आणि अडुसष्ट वर्षांचा तो माणूस भट्टीच्या दारात लहान मुलासारखा रडू लागला. तेव्हा सगळ्या बायका एकदम आपापले पाव मोजू लागल्या.