बाथरूमबाहेरची खुर्ची

भिलाई सोडली तेव्हा आईने दिलेली पाण्याची बाटली पुण्यात उतरेपर्यंत भरलेलीच होती. दुर्ग स्टेशनवर गाडी हलली तरी ती सांगत होती, "पाणी पीत जाय रे." पण पाणी प्यायलं की संडासात जावं लागतं, आणि तिथं कडी लावावी लागते. मला ती लावता येत नाही.

हे दुखणं पाचवीतलं. आमच्या शाळेत भूकंपातून वाचलेल्या एक मावशी बोलायला आल्या होत्या. घर पडलं तेव्हा त्यांचा भाऊ आतल्या खोलीत होता. कडी अडकली होती आणि तो बराच वेळ दार वाजवत राहिला, एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि सुट्टीत क्रिकेट खेळलो. मला काहीच झालं नाही. दोन-तीन महिन्यांनी अंघोळीला गेलो आणि हात कडीवरच थांबला.

मग एका दुपारी रुआबांधा सेक्टरातल्या आमच्या क्वार्टरमधल्या सगळ्या कड्या पेचकसने काढून मी मोगऱ्याच्या कुंडीत पुरल्या. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "कावून काढल्या रे? चोर घुसतीन ना." स्टील प्लांटमध्ये क्लार्क असलेल्या बाबांनी पुढच्या दाराची कडी तेवढी परत बसवली, आणि ते रोज माझ्या अंघोळीच्या वेळी बाथरूमबाहेर खुर्ची टाकून पेपर वाचू लागले. "जाय तू. मी बसून राहिलो ना इथं."

इथं पुण्यात फ्लॅट नवव्या मजल्यावर, दार ओढलं की आपोआप लॉक होतं. मी लिफ्ट टाळून जिने चढतो आणि फिटनेसची थाप मारतो. मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची धरतो. कितीही लांब आलो तरी मावशींच्या भावाच्या त्या आतल्या खोलीतून मी बाहेर पडलेलोच नाही. भिलाईत राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्या वर्गमित्रांनो, तुमचंही असंच होतं का, हे शाळेच्या ग्रुपवर विचारायची मला अजून लाज वाटते.

गेल्या आठवड्यात लेकीच्या शाळेतून फॉर्म आला. पुरातून वाचलेले एक आजोबा वर्गात बोलणार आहेत, पालकांची सही हवी. चार दिवस तो तसाच पडून होता. शेवटी बाबांना फोन केला, नाही म्हणून कळवू का विचारलं.

ते म्हणाले, "सही कर. लोकाइचं दुःख आयकाले पाहिजे पोरीनं. पन मंग खुर्ची टाकून ठेव."

सही केली. घर कुठलं असं कुणी विचारलं की मी अजून भिलाईच सांगतो, पण डोळ्यांसमोर ती खुर्चीच येते. काल जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची मी बाथरूमबाहेर नेऊन ठेवली.