अक्कांच्या बोटांवर माझं पत्रक

पत्रकं लिहिण्यात चाळीसगाव तालुक्यात आपला हात कुणी धरणार नाही, असा माझा समज होता. ‘प्रतिकारशक्ती वाढवा, आजार पळवा!!!’ हे त्यातलंच एक. घरोघर वाटलं. शेजारच्या अक्कांनी ते देव्हाऱ्याशेजारी चिकटवलं आणि आमवाताची गोळी बंद केली. कारण काय, तर या गोळीनं प्रतिकारशक्ती जरा कमी होते, असं डॉक्टरनीच सांगितलेलं.

अक्का म्हणजे खापरावरच्या मांड्यांचं मोठं नाव. कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पातळ पसरवायचा, हे त्यांचं कसब. पत्रकात लिहिलेल्या गुळवेलीच्या काढ्यावर महिना गेला आणि बोटं अशी सुजली की मूठ मिटेना. ऐन आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मांडा हातावरच फाटला.

मी भडकले. अर्थात डॉक्टरवर! अक्कांना घेऊन जळगाव गाठलं आणि खुर्चीत टेकायच्या आत तोफ डागली, “बाईची प्रतिकारशक्ती मारायची गोळी देता? लाज नाही वाटत? त्यापेक्षा आता पितात तो गुळवेलीचा काढा बरा!”

डॉक्टरबाई शांत. “मारत नाही, आवरते. रोगाशी लढणाऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. त्या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. जंतू आला की ‘धावा’, काम झालं की निरोप बंद. यांच्या अंगात जंतू नसतानाही निरोप सुटताहेत. मग पेशी सांध्यांवरच तुटून पडतात.”

“म्हंजे घरमा लगीन नही, काही नही, नि गावभर चूलबंद आवतनं!” अक्का म्हणाल्या. “बठ्ठा गाव जेवाले उना, तं घर खाई जाई ना!”

चूलबंद आवतण म्हणजे सगळ्या घरादाराला जेवण, घरी चूल पेटवायचीच नाही; असा सगळा गाव जेवायला आला तर घरच फस्त! डॉक्टरबाई खळखळून हसल्या. “अगदी तसंच. आणि तुम्ही वर काढा पिऊन आणखी आवतण देत होतात. हे खूळ कुणी घातलं?”

अक्कांनी हनुवटीनं मला दाखवलं. “हाई पोर. लिखनारी शे.”

रक्त तपासलं, गोळी पुन्हा सुरू झाली. सूज उतरेल, पण उजवी तर्जनी वाकायला लागलीय, ती सरळ होईल की नाही, सांगता येत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

स्टेशनच्या बाकावर अक्कांनी गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. “फोड. माले फुटत नही.”

मी गोळी काढून दिली. ती गिळून, पाणी पिऊन, गाडी येईपर्यंत त्यांनी मला यथेच्छ झापलं. घरी पोचताच मी देव्हाऱ्याशेजारचं माझंच पत्रक फाडलं. आयुष्यात पहिल्यांदाच.