शिवण न येणाऱ्या शमीम आपा

शमीम आपांना शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरीही अमडापूरच्या पुढे असलेल्या आमच्या गावात त्या शिवणाच्या बाई म्हणूनच ओळखल्या जायच्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी शिकवायचे त्या शाळेच्या मागच्या व्हरांड्यात मुलींच्या घोळक्यात बसून त्या एका फ्रॉकला उलट्या बाजूनं बटण लावत होत्या. मला हसू आवरेना. मान वर न करता त्या म्हणाल्या, "हासा, हासा. पन पोरीयले नोका सांगू, बाई. माह्यी पोल आजच खुलून जाईन."

खरं तर त्या सरकारी मानसिक आरोग्य योजनेतल्या समुपदेशक. मुलांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे त्यांचं काम. माहेर जळगाव जामोदचं, शिक्षण मोठ्या शहरातलं, पण बोली अस्सल वऱ्हाडी. योजनेला एक गाडी होती आणि तिच्या दोन्ही अंगांना ठळक अक्षरांत 'मानसिक आरोग्य' रंगवलेलं. कोणा अक्कलवान माणसानं ते रंगवून घेतलं होतं, देव जाणे! ती गाडी ज्या दारात उभी राहील, त्या घरातल्या पोरीला गावभर येडी म्हणणार. म्हणून आपा दर गुरुवारी एसटीनं यायच्या, पिशवीत सुईदोरा टाकून.

"समोर बसवून इचारलं का पोरगी दगड होते," त्या म्हणायच्या. "नजर सुईत असली, म्हंजे आपल्याशीच बोलल्यावानी बोलते. आपून फकस्त आयकाचं." आणि पोरी बोलायच्या. आम्ही बीएड केलेल्या मास्तरणींना जे कधी कळलं नाही, ते त्या व्हरांड्यात बाहेर पडायचं.

त्या वर्षी शिवारभर बीटी कपाशी होती. अळी लागणार नाही म्हणून घेतलेल्या बियाण्यालाच बोंडअळी लागली. मग फवारण्या वाढल्या, एका औषधात दुसरं मिसळणं आलं. पूजाचे वडील फवारता फवारता पऱ्हाटीत, उभ्या कपाशीतच कोसळले आणि दवाखान्यात पोचायच्या आधी गेले. पूजा नववीत होती. पंपात औषध कालवून देणारी तीच.

तिला कुणी काही बोललं नाही. तिनं मात्र हात धुवायला सुरुवात केली. साबणानं, राखेनं, शेवटी विटेच्या तुकड्यानं घासून. कातडी सोलून निघाली तरी थांबेना. स्वतःच्या हातानं घास घेईना. आई भरवेल तेवढंच खायची. काका म्हणाला, बाहेरचं आहे. लिंबं उतरवली, ताईत बांधला. शाळा सुटली.

आपांनी तिला व्हरांड्यात आणलं ते तिच्या आईसकट. सुई पूजा हातात धरेना, म्हणून आपा स्वतः शिवत बसायच्या आणि ती नुसती बघायची. असे कितीतरी गुरुवार गेले. मग एकदा ती खाली बघतच म्हणाली, "आपा, बाबाले म्या मारलं. औषध म्या कालवलं होतं."

आपांच्या जागी मी असते तर लगेच म्हटलं असतं, नाही गं बाळा, तुझा काय दोष! आपा तसं काही बोलल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "बेटा, तुले कालवाले कोनी सांगतलं?"

बोलली ती आई. "म्या सांगतलं वं. मले बी रातभर झोप नाई." त्या दिवशी मायलेकी पहिल्यांदा एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. इतके दिवस एका छताखाली राहून दोघी तेच दुखणं एकमेकींपासून लपवत होत्या. मी वर्गात जाऊन डोळे पुसले.

पुढे बुलढाण्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. हातांवर नवी कातडी आली. एक दिवस आई धावत सांगत आली, पोरीनं कणीक मळली. आपांनी तिथल्या तिथं डब्यातला गूळ काढून आम्हा दोघींच्या तोंडात घातला.

मधल्या काळात आमचे मुख्याध्यापक काळे सर पूजाचं नाव गैरहजेरीसाठी पटावरून कमी करायला निघाले होते. नाइलाजानं आपांनी त्यांना सगळं सांगितलं, माझ्यासमोर. "सर, हे या खोलीतच राहू द्या." सरांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला. माणूस वाईट नव्हता हो. फक्त सत्काराचं वेड भारी.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. आपा त्या दिवशी नव्हत्या. सगळा गाव मैदानात होता. सरांनी माइकवरून पूजाला पुढे बोलावलं, अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि म्हणाले, "आपल्या हातानंच वडिलांना विष दिलं, असं या लेकराला वाटत होतं! तिच्या मनाचा तोल गेला होता! पण आपल्या शाळेनं तिला बरं करून दाखवलं!" टाळ्या पडल्या. पूजा नारळ धरून उभी होती. तो माइक हिसकावून घ्यावा असा संताप आला मला. पण तोवर सगळं बोलून झालं होतं.

संध्याकाळपर्यंत गावानं निकाल देऊन टाकला. असं होय, पोरीनं कालवलं होतं तर! बाया तिच्या हातचं पाणी घेईनात.

पुढच्या गुरुवारी आपा सरांच्या खोलीत शिरल्या. "सर, तुमी काय करून बसले वो हे?"

"आपा, मी कौतुकच केलं! माझ्या मनात वाईट काही नव्हतं."

"तेच तं. वाईट असतं, तं मले भांडता आलं असतं," आपा म्हणाल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या.

काकानं घाई केली. पंधरा वर्षांच्या पोरीचं लग्न बीबी गावाकडच्या एका खेड्यात गुपचूप उरकलं. आपांनी तक्रार केली, तर दोन्हीकडच्यांनी बिनदिक्कत वय अठरा सांगितलं आणि चौकशी तिथंच मिटली. दरम्यान आपांची नेमणूकही संपली, ती पुन्हा झाली नाही. आमच्या भागात त्यांच्या जागी कुणी आलंच नाही.

उन्हाळ्यात त्या मला म्हणाल्या, "गोळ्या बंद झाल्या असतीन तिच्या. एक डाव पाहून येऊ." आम्ही गेलो. दारात सासू उभी. "कोण पाहिजे?" तेवढ्यात पूजा पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आली. आम्हाला बघून थबकली.

"वळखीच्या हायेत का गं तुझ्या?" सासूनं विचारलं.

"नाई, आत्या," ती म्हणाली. "घर चुकल्या असतीन."

आपांनी तिच्या हातून ग्लास घेतला, सगळं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "हाव, चुकलोच आमी."

आम्ही दोघी चालत फाट्यावर आलो. तिथं बाभळीखाली उभं राहिल्यावर आपांनी विचारलं, "हात पाह्यले तिचे?"

"पाहिले," मी म्हणाले. कोपरापर्यंत लालभडक झाले होते.

"आता तिच्यापाशी कोन जाईन, बाई?"

एसटी आली, आणि आपा पुढे होऊन चढल्या.