खंडेनवमीला गेलेले आयकॉन

झेंडूचा वास आला की सातपूरच्या कारखान्यातली माझी पहिली खंडेनवमी आठवते. पूजेआधी मी चालू कॉम्प्युटरचा माऊस ओल्या फडक्याने खसाखसा पुसला आणि पडद्यावरचे सगळे आयकॉन गेले. साहेबांची सगळी ड्रॉइंग तिथेच होती. नोकरीला लागून आठवडाच झाला होता; ती गेली, असंच मी धरून चालले.

शेजारच्या टेबलावरच्या कुलकर्णीबाई हसल्या. "अगं, आंघोळ घालतेस का त्याला? मोकळ्या जागेवर उजवं बटण दाब, 'व्ह्यू'मध्ये जा आणि 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'वर टिक कर."

सगळे आयकॉन परत आले. आज हे काम मी बोलता बोलता करते. तेव्हा मात्र कुंकवाचा करंडा खाली ठेवून आधी खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि मगच साहेबांना पूजेला बोलावलं.