थांबलेली माळ

शिवणकामाच्या मावशी फादरांचे झगे, वेदीवरची वस्त्रं आणि शाळेचे गणवेश सगळं एकाच मशीनवर शिवायच्या. गिऱ्हाईक कितीही बडं असो, "आधी टाका, मग गप्पा" असं तोंडावर सांगायच्या. बाई फटकळ, पण पोटात पाप नाही.

आता पोटात पाप नाही असं आपण म्हणायचं. मावशींच्या मते एक होतं. जपमाळ हातात घेतली की चार-दोन मणी सरायचे आणि मग शब्दच थांबायचे. झोप नव्हे बरं का! डोळे टक्क उघडे, मन जागच्या जागी, नुसतं भरून आल्यासारखं गप्प. मावशींनी त्याला आळस ठरवलं आणि पापनिवेदनाला, म्हणजे जाळीआड बसलेल्या फादरांपुढे चुका कबूल करायला, गेल्या की ते न चुकता सांगायच्या. जुने फादर कानांनी अधू. ते म्हणायचे, "आणखी एक माळ म्हणा." म्हणजे बाई ज्यात अडायची तेच दुप्पट. वर्षानुवर्षं हे असंच चाललं.

मग नवरा आजारी पडला. घड्याळं दुरुस्त करणारा साधा माणूस. शेवटच्या दुपारी मावशी त्याचा हात धरून माळ म्हणायला बसल्या, आणि सवयीप्रमाणे थांबल्या. भानावर आल्या तेव्हा तो गेलेला होता. मी आळस केला आणि माझा माणूस प्रार्थनेवाचून गेला, हे काळजात जे रुतलं ते निघेना. मावशी रडल्याही नाहीत. कुठल्या तोंडाने रडणार?

नणंदबाईंना हे कळलं. त्या दर शुक्रवारी एका बंगल्यात जायच्या. तिथे पडदे ओढून, दोऱ्याला टांगलेला लोलक फिरवून गेलेल्या माणसांना प्रश्न विचारत, देवदूतांचे आकडे मांडत आणि चर्चने दडवलेलं ज्ञान म्हणे निवडक लोकांना देत. बाहेर मात्र अळीमिळी गुपचिळी. "वहिनी, चल. दादालाच विचारू," नणंद म्हणाली. बुडत्याला काडीचा आधार, मावशी गेल्या. लोलक फिरला आणि उत्तर आलं, दादाने क्षमा केली.

मावशी घरी आल्या त्या अधिकच उदास होऊन. त्या माणसाने जन्मात कुणावर राग धरला नव्हता. क्षमा करायची त्याला सवयच कुठे होती?

पुढच्या पापनिवेदनाला नवे फादर होते. मावशींनी लोलक सांगितला, आळस सांगितला, नवऱ्याचंही सांगितलं.

"लोलकाकडे गेलात ते चुकलं," फादर म्हणाले. "देवाचं ज्ञान आतल्या गोटातल्या चौघांसाठी नसतं. पण माळ म्हणताना गप्प होणं हा आळस नाही, मावशी, तीही प्रार्थनाच. अशा बिनशब्दांच्या प्रार्थनेसाठी संतांनी आयुष्यं घालवलीत. हे फक्त मठातल्या लोकांना मिळतं की कुणालाही, यावर आमच्यात अजून वाद चालतात. मला वाटतं, कुणालाही."

"मला ते संतांचं काही सांगू नका, फादर. मी आमच्या ह्यांच्यासाठी प्रार्थना केली नाही, एवढं खरं."

फादरांनी विचारलं, "तुम्ही गप्प झालात तेव्हा ते काय करत होते? तळमळत होते?"

"छे! आठवडाभर तळमळले. कूस बदलायचे, पाणी मागायचे, मला ओळखायचेही नाहीत. तेवढा वेळ मात्र..." मावशी अडखळल्या. "तेवढा वेळ शांत होते. माझ्याकडे बघत होते. हात घट्ट धरला होता."

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. स्वतःला आळशी ठरवण्याच्या नादात ती दुपार त्यांनी नीट आठवूनच पाहिली नव्हती.

बाहेर बाकावर आपला नंबर येण्याची वाट बघत बसलेल्या लोकांना आतून रडणं ऐकू आलं, आणि बराच वेळ ऐकू येत राहिलं. कुणी उठून गेलं नाही.