सुनेच्या भारोभार गूळ

शकुनवहिनी टेंबे आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या तेव्हा त्यांना बंगालीचा एक शब्द येत नव्हता, आणि वर्षभरात जे शब्द आले ते सगळे खाण्याचे. मुडी, चानाचूर, निमकी, नाडू. नळाला पाणी कधी येणार हे त्यांना शेवटपर्यंत मोडक्या हिंदीत विचारावं लागलं, पण बालीगंजच्या आमच्या गल्लीतून दुपारी जो कोणी ओरडत जाई तो काय विकतो हे त्या खिडकीशी न जाता सांगत. मी कलकत्त्यातच जन्मलेली, मुलींच्या शाळेत शिकवणारी, तरी फेरीवाले ओळखण्यात त्यांनी मला कधी जिंकू दिलं नाही.

आमच्या मराठी मंडळातल्या बायका म्हणायच्या, टेंब्यांची बायको खादाड आहे. मला ऐकून राग यायचा. खादाड माणसाला भूक असते. वहिनींना फक्त दुपार होती. वाईला त्या बारा माणसांच्या घरात वाढलेल्या आणि तशाच दुसऱ्या घरात सून म्हणून गेलेल्या. इथे दिनकरराव जेवून नऊ वाजता खिदिरपूरला कस्टमच्या कचेरीत जात ते दिवेलागणीला परत. मूलबाळ नव्हतं. लोक्खीर मा, म्हणजे लक्ष्मीची आई, भांडी घासून अकराला निघून जाई. मग दोन खोल्या, एक गॅलरी आणि वहिनी. एक पुडी संपेपर्यंत हाताला काम असे आणि जिभेला सोबत. पुडी संपली की आपण काय केलं ते त्यांना कळे, आणि त्या कागदाची बारीक घडी करून लोक्खीर मा बघणार नाही अशा जागी टाकत. मला विचाराल तर खाण्यापेक्षा ती घडी वाईट.

एकावन्न सालच्या पावसाळ्यात दिनकररावांना विषमज्वर झाला. चांगला महिनाभर माणूस अंथरुणाला खिळला होता. तिकडे वाईला त्यांच्या आईंनी, माईंनी, गणपतीपुढे पदर पसरला. दिनूचा ताप उतरू दे, सुनेच्या भारोभार गूळ वाटीन. नवस बोलताना माईंच्या डोळ्यांसमोर सून होती ती लग्नातली, शेलाट्या अंगाची. ताप उतरला. दिनकरराव हिंडूफिरू लागले आणि नवसाची आठवण निघाली. माईंनी कळवलं, गूळ तिथेच वाटा, तुमच्याकडे घरदार सोडून आलेली माणसं पुष्कळ आहेत म्हणतात, त्यांच्या पोरांच्या तोंडात पडू दे. रुळांपलीकडे पूर्व बंगालातून आलेल्यांची वस्ती होती. लोक्खीर मा तिथलीच. गुळाची तुला माघातल्या गणेशजयंतीला मंडळात करायची आणि माई त्यासाठी स्वतः येणार, असं ठरलं.

म्हणजे चारचौघांसमोर पारड्यात बसायचं. वहिनींची झोप उडाली. जिने चढताना धाप लागते म्हणून डॉक्टरांनी आधीच भात, तूप, गोड आणि दोन जेवणांच्या मधलं सगळं बंद करायला सांगितलं होतं. आता त्यांनी मनावर घेतलं. गूळ किती आणायचा हे कळायला हवं, म्हणून दिनकररावांचे मित्र दिगंबर यांनी एका रविवारी गोदीतल्या काट्याची सोय केली. ज्या काट्यावर तागाचे गठ्ठे चढतात त्यावर वहिनी चढल्या. दोन हमाल हातातली विडी खाली करून बघत राहिले. काटा दोन मणांवर थांबला.

दिनकररावांनी बरोबर दोन मण गूळ घेतला. म्हणाले, "तोवर तू उतरशील, चार शेर उरेलच."

थंडीचे दिवस, बाजारात खजुरीच्या रसाचा नवा गूळ आला होता. त्याच्या थापलेल्या वडीला पाटाली म्हणतात. तपकिरी, ठिसूळ, आणि वास असा की आमच्या खालच्या मजल्यावरचं दार उघडलं तरी यायचा. तो मडक्यांत भरून मधल्या खोलीत चौरंगांवर ठेवला आणि चौरंगांचे पाय मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत. बाकी खाण्याचं जे काही घरात होतं ते वहिनींनी आपणहून कोठीच्या कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली दिनकररावांना दिली. ती त्यांनी जानव्याला अडकवली. वरखर्चाचे सुटे पैसेही त्याच कपाटात गेले, त्यामुळे फेरीवालेही बंद. सगळ्याला कुलूप लागलं, फक्त गुळाला नाही. देवाचा गूळ कोण खाणार?

पहिल्यांदा त्यांनी मडक्यावरच्या फडक्याला चिकटलेली भुकटी खाल्ली. ती तशीही वायाच जाणार होती. मग एका पाटालीची कड तुटलेली दिसली, ती त्यांनी सारखी केली. ज्याला हा रोग आहे त्याला ठाऊक असतं की कड कधीच सारखी होत नाही. इकडून काढली की तिकडे वाकडी दिसते. दुपार कलली तेव्हा पाटाली सुपारीएवढी राहिली होती, आणि सुपारीएवढी पाटाली मडक्यात ठेवणं बरं दिसत नाही.

त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. प्रायश्चित्त म्हणून. रात्रभर पोटात आग आणि दुसऱ्या दुपारी भूक खरीच. पुन्हा मडकं, पुन्हा देवापुढे नाक घासणं, पुन्हा रात्री उपास. तोंडात लवंग धरून पाहिली, विणकाम काढलं, दुपारी माझ्याकडे येऊन बसते म्हणाल्या तर मी शाळेत. एकदा किल्ली मागून पैसे काढले, दोन पाटाल्या विकत आणून मडक्यात भर घातली. त्या भरीचं पुढे काय झालं ते सांगायला नको.

सगळ्यात वाईट म्हणजे दिनकरराव खूश होते. बायको रात्री ताटावर बसत नाही, गोडाकडे बघत नाही, घरात दोन मण गूळ असून हात लावत नाही. ते मंडळात ज्याला त्याला सांगायचे, "आमच्या शकुननं जीभ जिंकली." वहिनी शेजारी उभ्या असल्या की खाली बघत, आणि लोकांना वाटे, किती विनयी आहे. पुन्हा काट्यावर जाऊ म्हटलं की त्या म्हणत, हमाल बघतात, मला नको. हे खरंच होतं, म्हणून दिनकररावांनी आग्रह धरला नाही.

माई आल्या त्या जयंतीच्या आदल्या दिवशी. काटकुळी बाई, पण आवाज खणखणीत. सुनेला हावड्याच्या फलाटावर पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मडकी पाहिली, तेव्हाही काही बोलल्या नाहीत. मला वाटतं, त्यांना तेव्हाच कळलं असावं.

मंडळात त्या दिवशी गर्दी होती. कोळशाच्या वखारीतला मोठा तराजू धुऊन, हळदकुंकू लावून तुळईला टांगला होता. वहिनी हिरवं लुगडं नेसून, हातात नारळ घेऊन एका पारड्यात बसल्या. गुरुजींनी मंत्र सुरू केले आणि दुसऱ्या पारड्यात गूळ चढू लागला. एकेक मडकं रिकामं होत गेलं. शेवटचं मडकं उपडं करून थोपटलं. वहिनींचं पारडं जमिनीवर होतं तिथेच राहिलं.

गुरुजींनी मंत्र पुन्हा म्हटले. पारडं हललं नाही. आमचे सेक्रेटरी जयप्रकाश भिडे म्हणाले, "तुळशीचं पान ठेवून बघा," आणि लोक हसले. मग हसू ओसरलं आणि जो तो आपापली अक्कल चालवू लागला. नव्या गुळातलं पाणी उडतं. दुकानदारानं काटा मारला. मडक्याच्या तळाला बराच चिकटला असेल. वहिनी पारड्यात, पाय दुमडलेले, नारळ छातीशी. त्यांना उतरताही येईना, कारण तुला पुरी झालेली नव्हती. खाल्लेला गूळ कुठे गेला ते सगळ्यांना समोर दिसत होतं आणि कुणाला कळत नव्हतं. तो एका पारड्यातून उठून दुसऱ्या पारड्यात बसला होता.

तेवढ्यात दिनकरराव हळूच म्हणाले, "पाणी नाही आणि दुकानदारही नाही. ती भांडीवाली. वस्तीतलीच ना ती. रोज पदराखाली नेत असणार. उद्यापासून ती नको."

लोकांनी माना डोलावल्या. हे सगळ्यांना लगेच पटलं. लोक्खीर मा मागे दाराशीच उभी होती, गूळ वाटायला वस्तीत न्यायचा म्हणून बोलावलेली. तिला मराठी येत नव्हतं, पण एवढे चेहरे एकदम आपल्याकडे वळल्यावर भाषा लागत नाही. तिनं पदर सावरला आणि हात पुढे धरून मोकळे दाखवले.

वहिनी मला पुढे म्हणाल्या, त्या वेळी मी गप्प बसणार होते. अगदी ठरवलं होतं. गप्प बसले असते तर तो दिवस निभावला असता. पण तिनं हात दाखवले.

"मी खाल्लाय," वहिनी म्हणाल्या.

दिनकररावांना ऐकू आलं नाही. "काय?"

"गूळ. मी खाल्ला. रोज दुपारी."

कुणी पुढे होऊन त्यांचा हात धरला असता तर बरं झालं असतं, पण आम्ही सगळी सभ्य माणसं, आम्ही भिंतीकडे बघू लागलो. माई उठल्या. पारड्याजवळ आल्या, सुनेच्या हातातला नारळ काढून घेतला आणि मागच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल अशा त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "उतर. नवस माझा आहे, तो अर्धा राहायचा नाही. जेवढा खाल्लास तेवढा तू आपल्या हातानं नेऊन द्यायचा. दिनूच्या नाही, तुझ्या."

घरी गेल्यावर दिनकररावांनी जानव्याची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली. बोलले काहीच नाहीत. वहिनी म्हणायच्या, त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. किल्ली परत दिली याचा अर्थ, आता तुझ्याकडून काही अपेक्षा नाही.

पुढच्या रविवारी वहिनी पिशवीत पाटाल्या घेऊन रूळ ओलांडून वस्तीत गेल्या, एकट्याच. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाल्या. जिथे कुणी ओळखत नाही तिथे द्यायचा आणि मान खाली घालून परत यायचं, असा त्यांचा विचार. पण लोक्खीर मानं त्यांना लांबूनच पाहिलं आणि धावत येऊन आपल्या घरी नेलं. घर म्हणजे बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती. आत तिची सासू होती, म्हातारी, दृष्टी अधू झालेली. तिनं हातानं चाचपून एक पाट पुढे सारला. मालकीणबाई पहिल्यांदाच घरी आली होती. पोरं दाराशी जमली, वहिनींनी गूळ वाटला आणि उरलेल्या दोन पाटाल्या म्हातारीच्या हातात ठेवून त्या उठू लागल्या.

म्हातारी उठू देईना. पितळेच्या पेल्यात पाणी आणलं तिनं. तो पेला तिनं सीमेपलीकडून पदरात बांधून आणला होता, असं लोक्खीर मा सांगू लागली. वहिनींनी हात पुढे केला तर म्हातारीनं पेला मागे घेतला. बंगाल्यांच्यात घरी आलेल्याला नुसतं पाणी देत नाहीत. बरोबर काहीतरी गोड लागतं, निदान एक बत्तासा. घरात बत्तासा नव्हता. म्हातारीनं नुकतीच मिळालेली पाटाली पदरावर ठेवून फोडली, त्यातला मोठा तुकडा निवडला आणि वहिनींच्या तळहातावर ठेवला. मग त्यांच्या चेहऱ्याजवळ चेहरा आणून निरखलं आणि म्हणाली, "मुखटा शुकिये गेछे, मा. किछु खाओ नि?" तोंड सुकलंय तुझं, काही खाल्लं नाहीस का.

एवढं बंगाली वहिनींना येत होतं. खाण्याचं होतं ना.

नको म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. दाराशी पोरं, समोर लोक्खीर मा, सगळ्यांच्या नजरा त्या तळहातावर. लग्नानंतर पहिल्यांदाच, त्या म्हणाल्या, मी कुणाच्या देखत असं अधेमधे काही तोंडात घातलं. तुकडा तोंडात विरघळत नव्हता. गिळवत नव्हता आणि थुंकताही येत नव्हता. डोळ्यांतून पाणी आलं तर म्हातारीला वाटलं, भुकेनं आलं. तिनं वहिनींच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसरा तुकडा पुढे केला.

हे सगळं त्यांनी मला त्याच संध्याकाळी आमच्या जिन्यात बसून सांगितलं. मी विचारलं, "मग? घेतलात का?"

"नाही. 'ना, ना' म्हणाले आणि पाणी पिऊन निघाले." जरा वेळ त्या पायरीच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पण खरं सांगू, वृंदा? मला तो हवा होता."