दुसरी निशाणी

तुम्हाला गणित कोणी शिकवलं, ते तुम्हाला आठवत असेल. पण त्या माणसाला शाळेतून कोणी घालवलं, हे कधी विचारलंत का? मी विचारलं नाही, कारण मला उत्तर माहीत होतं. टिपणीस बाईंना घालवणाऱ्यांत मी होते.

बाई जवळच्या पाम गावाहून सायकलने बोईसरला आमच्या शाळेत यायच्या. कॅरिअरवर सुतळीने बांधलेला वह्यांचा गठ्ठा. पाममध्ये एका वाडीत त्यांची भाड्याची खोली होती. त्यांच्याकडे कोणी पाहुणा आलेला कोणी पाहिला नव्हता. मधल्या सुट्टीत बाकीच्या शिक्षकांचे डबे एकत्र उघडायचे. बाई खिडकीशी वह्या तपासत बसायच्या. चुकलेल्या गणितावर त्यांनी कधी फुली मारली नाही. जिथे चूक झाली त्या पायरीखाली बारीक रेघ ओढून लिहायच्या, "वाट इथं सुटली." फळ्यासमोर कोणी रडायला लागलं की म्हणायच्या, "रडून झालं की खडू घे. घाई नाही." आणि खरंच थांबायच्या.

माझे वडील कारखान्यात कामगार. त्यांच्या युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे आमच्या घरी यायचे. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर, आणि उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर गणितं करायचे. एकदा बाईंनी कागद उलटून पाहिला. "पुढे एकजूट," त्या हसून म्हणाल्या, "आणि मागे सगळी गणितं एकटीनं सोडवलेली. कधी जमनाला दाखवतेस का गं?"

मी दाखवत नव्हते. जमना किनाऱ्यावरच्या घिवली गावची, मच्छीमाराची मुलगी. शेवटच्या बाकावर एकटी बसायची, आणि तिच्या पुढचा बाक आम्ही रिकामा सोडायचो. सुक्या बोंबलाचा वास येतो म्हणून. घरी 'कामगार एकजुटीचा विजय असो' म्हणणारी मी शाळेत तो बाक रिकामा ठेवणाऱ्यांत होते.

नववीत दोन समीकरणांची गणितं सुरू होऊन महिना झाला होता. बाईंनी विचारलं, "दोन कशाला? एकानं का भागत नाही?" रीत मला तोंडपाठ होती. उत्तर मात्र येत नव्हतं. बाई शेवटच्या बाकापाशी गेल्या.

"जमना, तुझे बाबा भर समुद्रात जाळं लावून घरी येतात. दुसऱ्या दिवशी ते सापडतं कसं? तिथं पाटी लावलेली असते?"

वर्ग हसला. जमना नाही हसली.

"पाटी कशाला, बाई? निशानी धरतात. किनाऱ्यावरच्या माडाच्या बरोबर मागं डोंगराची चोच आली का एक निशानी. पन तेवड्यावर नाय भागत, त्या रेघेवर दर्या लांबच लांब हाय. मग दुसरीकडं बगायचं. कारखान्याच्या चिमनीच्या मागं देवलाचा कलस आला का थांबायचं. दोनी निशान्या जुलल्या का तितंच आपलं जालं."

बाईंनी हातातला खडू जमनाच्या हातात दिला. "आज तू शिकव. चला सगळे मैदानावर."

मैदानाचा समुद्र झाला. चौघे जण माड, डोंगर, चिमणी आणि कळस होऊन उभे राहिले. जाळं शोधायला बाईंनी मला पाठवलं. मी एक रेघ धरून चालत सुटले.

"अगं ए शानी!" जमना ओरडली. "गुजरातला चाललीस का? चिमनी बग चिमनी!"

सगळे हसले, आणि पहिल्यांदाच जमनाबरोबर हसले. मी मागे फिरले. चिमणी झालेल्या मुलाआड कळस झालेली मुलगी लपली, तिथे थांबले आणि पायाखाली पाहिलं. महिनाभर जे मी नुसतं सोडवत होते, ते त्या जागी उभं राहिल्यावर मला कळलं: एक समीकरण म्हणजे एक रेघ, आणि दोन रेघा मिळतात तिथेच उत्तर. दुसऱ्या दिवशी जमनाच्या पुढच्या बाकावर दोन मुली जाऊन बसल्या.

पण काही पालकांनी तक्रार केली. पोर्शन मागे पडतोय, मुलं उन्हात फिरतात आणि आता मच्छीवाल्यांच्या पोरी गणित शिकवणार काय? बाईंची नेमणूक तात्पुरती होती, दर वर्षी नव्याने मिळणारी. त्यांना ठेवायचं की नाही, हे संस्थेच्या बैठकीत ठरणार होतं. मुलांचंही ऐका, एवढंच बाईंनी मागितलं. वर्गात म्हणाल्या, "माझं कौतुक नको. मैदानावर काय कळलं, तेवढं सांगा. कोण येईल?"

"मी बोलन, बाई." जमना.

"एक निशाणी झाली," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी हात वर केला.

बैठकीत जमना आधी उभी राहिली. माड, डोंगर, चिमणी, कळस, सगळं नीट सांगितलं. अध्यक्षांनी तिला सहामाहीचे मार्क विचारले. "एक्केचाळीस," ती म्हणाली. "आदी बारा होते." कोणीतरी हसलं. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले. आवाजात माया होती.

"तू तर वर्गात पहिली येतेस. हुशार मुलगी. तुला हे सगळं मैदानावर न जाताही येत होतंच की नाही?"

मी म्हणाले, "हो."

मला कोणी धमकावलं नव्हतं. वडिलांच्या नोकरीवर गदा येणार नव्हती. चार मोठ्या माणसांत मला हुशार म्हटलं, एवढ्यावर मी विकली गेले. फितुरांना शिव्या देणारी पत्रकं वाचत वाढलेली मी! पुढचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "बस, बाळ," आणि मी बसले. जमना अजून उभीच होती.

बाईंना ठेवायचं नाही असं ठरलं, आणि वर्ष संपताना मी पामला गेले. बाई खोली आवरत होत्या. एक ट्रंक, एक स्टोव्ह, भिंतीला टेकवलेली सायकल.

"चहा घेशील? कप एकच आहे, तो तू घे. मी बशीत घेते."

त्यांच्याकडे इतक्या वर्षांत दुसरा कप लागलाच नव्हता. मी म्हणाले, "बाई, मी खोटं बोलले." त्यांनी बशी खाली ठेवली.

"माहीत आहे. तुझी वाट कुठं सुटली, तेही दिसलं मला." माझं रडू संपेपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "रडून झालं की खडू घे."

तिथे खडू नव्हता.

जमना आता बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन बसते. हिशेबात तिला कोणी फसवू शकत नाही. तिच्याशी बोलायला मला कित्येक वर्षं लागली. गेल्या महिन्यात मी तिला विचारलं, "बाई कुठं असतात, माहीत आहे का गं?"

"वाड्याकडं कंच्यातरी शालेत हायेत, असं कोन तरी बोललेलं. ही माजी एक निशानी. तुज्याकडं काय हाय?"

माझ्याकडे काहीच नव्हतं. तिने टोपलीवर पाणी शिंपडलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मी वाडा तालुक्यातल्या चार शाळा पालथ्या घातल्या. बाई सापडल्या नाहीत. आता युनियनची पत्रकं मीही लिहिते, पण हे पत्रक नव्हे, ही विनंती आहे. तुमच्या गावच्या शाळेतही एखादी बाई एकटी खिडकीशी वह्या तपासत असेल. तिला घालवण्यासाठी बैठक बोलावतील, तेव्हा घरी बसू नका. तिथे जा. कोणी तुमचं कौतुक केलं, तरी खाली बसू नका. कोणी एक जमना आधीच उभी असेल. तुम्ही फक्त दुसरे उभे राहा.